कॉम्प्युटर आणि अर्डुइनो वायरशिवाय कसे जोडायचे: एचसी-१२ रेडिओ मॉड्यूल, पहिल्या वायरपासून शेवटपर्यंत

यूएसबी केबल फार तर ५ मीटर, त्यापुढे डेटा नीट जाईल याची खात्री नाही. पण सेन्सर असतो गच्चीवरच्या टाकीत, नाहीतर कंपाउंडच्या टोकाला, आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मग माणूस रेडिओ मॉड्यूलची जोडी मागवतो, दोन्हीकडे जोडतो, आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. आता चूक कुठे शोधायची? कॉम्प्युटरच्या बाजूला, बोर्डाच्या बाजूला, प्रोग्राममध्ये की हवेत? माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या होत्या, आणि शेवटी निघालं काय तर बोर्डाचा (म्हणजे अर्डुइनो, सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) आणि मॉड्यूलचा ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू) एकमेकांना जोडलेलाच नव्हता. तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळतो: आधी वायरवर चालवायचं आणि मगच वायर कापायची, आणि प्रत्येक पायरीला टेस्ट, ती पास झाल्याशिवाय पुढची वायर हातात घ्यायचीच नाही. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

मॉड्यूल कुठलं घ्यायचं यावर थोडक्यात. एचसी-०५ हे ब्लूटूथ, एका खोलीपुरतं ठीक, भिंती आल्या की दम तोडतं. एनआरएफ२४एल०१ स्वस्त आणि वेगवान आहे पण ते एसपीआयवर (चिप-चिपमधली जोडणी, कॉम्प्युटरला सरळ न लावता येणारी) बोलतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूलाही आणखी एक मायक्रोकंट्रोलर बसवावा लागतो, शिवाय त्याला ३.६ व्होल्टच्या वर दिलं की संपलं. एक्सबी छान आहे पण पहिल्या प्रोजेक्टला खिशावर जड. मी एचसी-१२ घेतो. आत सिलिकॉन लॅब्जची एसआय४४६३ ही रेडिओ चिप आणि एक छोटा एसटीएम८ कंट्रोलर असतो, आणि बाहेरून ते अगदी साधी सिरीयल केबल असल्यासारखं वागतं. इकडे एक बाइट टाकला की तिकडे तोच बाइट बाहेर. लायब्ररी नाही, पेअरिंग नाही. फ्रिक्वेन्सी ४३३.४ मेगाहर्ट्झपासून सुरू होते आणि पुढे ४०० किलोहर्ट्झच्या टप्प्याने १०० चॅनल, शेवटचा ४७३ मेगाहर्ट्झला.

सामान एवढंच: एचसी-१२ दोन (एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घेतलेले बरे), यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर (कॉम्प्युटरच्या यूएसबीतून सिरीयल सिग्नल काढणारा छोटा बोर्ड) एक, म्हणजे सीपी२१०२, सीएच३४० किंवा एफटी२३२ यातलं काहीही, अर्डुइनो उनो, १ किलोओहम आणि २ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडच्या आसपासचे दोन कॅपॅसिटर, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी. आणि सोल्डरिंग आयर्न, कारण पिना आणि अँटेना बहुतेक वेळा सुट्ट्याच येतात.

अँटेना आधी

मॉड्यूलसोबत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार येते, तीच अँटेना, ती लावल्याशिवाय पॉवर देऊ नका. अँटेना नसताना पूर्ण पॉवरने ट्रान्समिट केलं तर ती पॉवर परत चिपच्या आउटपुटवर येते, आणि काही झालं नाही तरी रेंज इतकी फालतू मिळते की मॉड्यूल खराब निघालं असं वाटतं. स्प्रिंगऐवजी साधी सरळ तार लावली तर माझ्या अनुभवात रेंज जास्त मिळते. लांबी किती, तर तरंगलांबीचा पाव भाग: प्रकाशाचा वेग भागिले ४३३.४ मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण ६९ सेमी, त्याचा पाव १७.३ सेमी. सिंगल कोअर वायरचा तेवढा तुकडा सोल्डर करा आणि उभा ठेवा, दोन्हीकडे उभाच, एकीकडे उभा आणि एकीकडे आडवा असं नको.

कॉम्प्युटरची बाजू

सध्या रेडिओ बाजूलाच ठेवा, फक्त कन्व्हर्टर यूएसबीला लावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडला की पोर्ट्स खाली कॉम३, कॉम७ असं काहीतरी नवीन दिसेल, नाही दिसलं किंवा पिवळं उद्गारचिन्ह आलं तर त्या चिपचा ड्रायव्हर टाका. लिनक्सवर डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवाययूएसबी० नावाची फाइल येते. तिथे परमिशन डिनाइड आलं तर तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये टाकून (काही डिस्ट्रोमध्ये या ग्रुपचं नाव वेगळं असतं) लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसती विंडो बंद करून उघडली तर चालत नाही.

आता टेस्ट. कन्व्हर्टरचा टीएक्स (बोलायचा पिन) आणि आरएक्स (ऐकायचा पिन) एका जंपरने एकमेकांना जोडा, अर्डुइनो आयडीई या प्रोग्राममधली सिरीयल मॉनिटर ही खिडकी त्या पोर्टवर ९६०० बॉडला (बॉड म्हणजे सेकंदाला किती बिट, तो वेग) उघडा आणि काहीही टाइप करून पाठवा. तेच परत आलं पाहिजे. जंपर काढला की यायचं थांबलं पाहिजे, हेही बघा. ही टेस्ट १ मिनिटाची आहे पण पोर्ट, ड्रायव्हर, केबल सगळं एका झटक्यात पास होतं. केबलचं मुद्दाम सांगतो, कारण काही यूएसबी केबलींमध्ये नुसत्या चार्जिंगच्याच तारा असतात.

कन्व्हर्टर नसेल आणि एक जास्तीचा उनो पडून असेल तर त्याचा रिसेट पिन ग्राउंडला जोडा, मुख्य चिप गप्प बसते आणि बोर्डावरची यूएसबी चिप कन्व्हर्टरचं काम करते. फक्त तेव्हा वायरी उलट्या होतात: मॉड्यूलचा आरएक्सडी पिन ० ला आणि टीएक्सडी पिन १ ला, कारण पिनांवरची नावं मुख्य चिपच्या बाजूने लिहिलेली आहेत. तिथे ५ व्होल्टचं लॉजिक असतं, म्हणून पिन ० आणि आरएक्सडीच्या मध्ये खाली सांगितलेली रेझिस्टरची जोडी लावा.

मॉड्यूल सेट करणे

एचसी-१२ वर पिनांचा क्रम असा: व्हीसीसी, ग्राउंड, आरएक्सडी, टीएक्सडी, सेट. कन्व्हर्टरवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असेल तर लॉजिक (सिग्नलचं व्होल्टेज) ३.३ वर ठेवा. पण मॉड्यूलला पॉवर मात्र ५ व्होल्टच्या पिनेवरून द्या, आणि इथेच खूप जण घसरतात. मॉड्यूल ३.२ ते ५.५ व्होल्टवर चालतं हे खरं, पण ट्रान्समिट करताना ते १०० मिलीअँपिअरपर्यंत ओढतं, आणि एफटी२३२ चिपचा ३.३ व्होल्ट पिन ५० मिलीअँपिअरच देऊ शकतो, सीपी२१०२ चा कसाबसा १००. मग होतं काय, ऐकायचं काम मस्त चालतं आणि बोलायला गेलं की मॉड्यूल रिसेट होतं, आणि आपण प्रोग्राममध्ये बग शोधत बसतो. व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये कॅपॅसिटर लावा, मॉड्यूलच्या जितका जवळ तितका चांगला. सतत ट्रान्समिट करायचं असेल तर ५ व्होल्टच्या लाइनमध्ये १एन४००७ डायोड सिरीजमध्ये टाकावा असं डेटाशीट सांगतं, अधूनमधून चार अक्षरं पाठवायला त्याची गरज पडत नाही.

बाकी वायरी: कन्व्हर्टरचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सडीला, आरएक्स टीएक्सडीला, ग्राउंडला ग्राउंड, आणि सेट पिन ग्राउंडला. सेट खाली ओढला की मॉड्यूल कमांड मोडमध्ये जातं. सिरीयल मॉनिटर ९६०० वर, लाइन एंडिंग 'नो लाइन एंडिंग', आणि पाठवा: एटी. उत्तर यायला हवं: ओके. कमांड इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच टाइप करायच्या, मध्ये स्पेस नाही. आणखी एक, पूर्ण कमांड एका दमात जावी लागते. काही टर्मिनल प्रोग्राम तुम्ही दाबाल तसं एकेक अक्षर पाठवतात, त्यात मॉड्यूल गोंधळतं. सिरीयल मॉनिटर एंटर दाबल्यावर सगळं एकदम पाठवतो म्हणून इथे तोच बरा.

ओके आलं की एटी+आरएक्स पाठवा (इथे आरएक्स ही दोन अक्षरं), चार ओळी येतील: बॉड ९६००, चॅनल ००१, पॉवर +२० डीबीएम (डीबीएम हे रेडिओ पॉवरचं माप), मोड एफयू३ (हवेतून डेटा पाठवायच्या पद्धतीचं नाव). या फॅक्टरी सेटिंग्ज. आपल्याला बदलायचंय ते थोडंच. चॅनलसाठी एटी+सी००३, तीन आकडी नंबर लागतोच, नुसतं ३ चालत नाही. पॉवरसाठी एटी+पी१ ते एटी+पी८, पी१ म्हणजे -१ डीबीएम, जेमतेम ०.८ मिलीवॅट, आणि पी८ म्हणजे १०० मिलीवॅट. टेबलावर टेस्ट करताना पी१ ठेवा, कारण पूर्ण पॉवरवरची दोन मॉड्यूल एकमेकांना चिकटून ठेवली तर समोरचा रिसीव्हर बधिर होतो आणि कचरा येतो, कानात ओरडल्यासारखं.

चॅनल निवडताना कायद्याचा भाग आहे, तो टाळू नका. ४३३.०५ ते ४३४.७९ मेगाहर्ट्झ हा पट्टा आयटीयूच्या (रेडिओ फ्रिक्वेन्सी वाटून देणारी आंतरराष्ट्रीय संघटना) पहिल्या विभागात, म्हणजे युरोप-आफ्रिका वगैरे, आयएसएम (उद्योग, विज्ञान, वैद्यकीय वापराचा पट्टा) म्हणून ठेवलाय. एचसी-१२ चे चॅनल १ ते ४ म्हणजे ४३३.४ ते ४३४.६, एवढेच त्यात बसतात, पाचव्यापासून ४३५ च्या पुढे तुम्ही दुसऱ्याच्या जागेत. पॉवरची मर्यादाही बऱ्याच ठिकाणी १०० मिलीवॅटच्या खूप खाली असते, युरोपात या पट्ट्यात साधारण १० मिलीवॅट. तुमच्या देशाचा नियम बघा आणि त्याप्रमाणे पी कमी करा. मॉड्यूल १०० चॅनल देतं म्हणून सगळे वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही.

हेच सगळं दुसऱ्या मॉड्यूलवर पुन्हा करा. चॅनल, बॉड आणि एफयू मोड दोन्हीकडे सारखा हवा. झालं की सेटची वायर ग्राउंडवरून काढा, सेटिंग तेव्हाच लागू होतं, आणि कमांड मोडमधून बाहेर यायला मॉड्यूलला ८० मिलीसेकंद लागतात, तेवढं थांबा.

हवेतली पहिली टेस्ट

इथे अजून अर्डुइनोच्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. दुसऱ्या मॉड्यूलला फक्त पॉवर द्या (उनोचे ५ व्होल्ट आणि ग्राउंड चालतील) आणि त्याचा टीएक्सडी त्याच्याच आरएक्सडीला जोडा. म्हणजे हवेतून जे येईल ते तसंच परत हवेत. आता कॉम्प्युटरवरून 'नमस्ते' इंग्रजी अक्षरांत पाठवा, क्षणभराने तेच परत येईल. आलं म्हणजे रेडिओ, अँटेना, पॉवर, चॅनल सगळं बरोबर, यापुढे जे बिघडेल ते बोर्डाच्या वायरिंगमध्ये किंवा कोडमध्ये. ही टेस्ट माझी सगळ्यात आवडती आहे. मॉड्यूल पॉवर बँकेवर टाकून दुसऱ्या खोलीत, जिन्यात, बाहेर ठेवून या आणि कॉम्प्युटरवरूनच रेंज मोजा. फक्त पॉवर बँकेची एक खोड लक्षात ठेवा, करंट फारच कमी असला की ती 'काही जोडलेलं नाही' असं समजून आपोआप बंद होते, आणि ऐकत बसलेलं एचसी-१२ अवघे १६ मिलीअँपिअर घेतं.

बोर्डाला जोडणे

उनोचे पिन ० आणि १ यूएसबीसाठीच वापरलेले असतात, त्यावर रेडिओ लावला की स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) अपलोड करताना भांडण होतं. म्हणून सॉफ्टवेअरसिरीयल लायब्ररी (दुसऱ्या पिनांवरून सिरीयल बोलू देणारी), पिन १० ऐकायला आणि ११ बोलायला. मॉड्यूलचा टीएक्सडी थेट पिन १० ला, तो ३.३ व्होल्ट देतो आणि ५ व्होल्टवरचा उनो ३ व्होल्टच्या वरचं हाय म्हणून वाचतो, तेव्हा चालून जातं. उलट बाजूला मात्र ५ व्होल्ट मॉड्यूलच्या आरएक्सडीवर थेट नको: पिन ११ वरून १ किलोओहम आरएक्सडीला, आणि आरएक्सडीवरून २ किलोओहम ग्राउंडला, मग तिथे ३.३ व्होल्ट पोचतात. कित्येक जण थेट जोडतात आणि चालतंही, पण दोन रेझिस्टरसाठी मॉड्यूल पणाला लावायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं. पॉवर उनोच्या ५ व्होल्टवरून, ३.३ वरून नाही, उनोचा तो पिनही ५० मिलीअँपिअरचाच. आणि ग्राउंड! माझ्या दोन संध्याकाळी आठवा.

सेट पिन पुढे कधी कोडमधून वापरायची असेल तर ती पिन ७ ला लावा, पण तिला कधी हाय करू नका. खाली ओढायची तेव्हा आउटपुट लो, सोडायची तेव्हा इनपुट. मॉड्यूलमध्ये पुल-अप (पिनेला वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) आहे, ती आपली वर जाते.

बोर्डाचा प्रोग्राम

पहिला स्केच अगदी बाळबोध ठेवा: रेडिओवरून एक अक्षर आलं की बघायचं, '१' असेल तर पिन १३ चा एलईडी लावा, '०' असेल तर बंद करा, आणि तेच अक्षर परत पाठवा. सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) रेडिओ ९६०० वर सुरू करायचा आणि लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) एवढंच. कॉम्प्युटरवरून १ पाठवून एलईडी लागला की एक चहा घ्या, अर्धं काम झालं.

खऱ्या कामात मात्र एकेका अक्षरावर भागत नाही, कारण हवेत अक्षरं गळतात, आणि '२५' मधला २ गळला की ५ उरतो आणि तुमच्या प्रोग्रामला ते खरंच वाटतं. म्हणून निरोपाला चौकट हवी. मी जीपीएसवाल्यांची पद्धत उचलतो: सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग तारांकन, मग दोन हेक्स अक्षरांचा (० ते ९ आणि ए ते एफ) चेकसम, म्हणजे मजकूर शाबूत आला का ते तपासायचा आकडा, मग नवी ओळ. तो काढायचा डॉलर आणि तारांकनाच्या मधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सॉर (बिट-बिट तुलना करणारी क्रिया) करून. बोर्ड एकेक अक्षर बफरमध्ये साठवतो, डॉलर दिसला की बफर रिकामा करून नव्याने सुरू, नवी ओळ आली की चेकसम तपासतो, जुळला तर काम करतो, नाही जुळला तर गप्प बसतो. चुकीच्या निरोपाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. बफरला मर्यादाही घाला, ३२ अक्षरांच्या पुढे गेलं की फेकून द्या, नाहीतर एखाद्या दिवशी नवी ओळच गळते आणि बफर मेमरीवर चढतो.

आता डिलेबद्दल. ९६०० बॉडला एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. सॉफ्टवेअरसिरीयलचा बफर ६४ बाइटचा. सतत डेटा येत असेल तर तो ६७ मिलीसेकंदात भरतो, आणि तुमच्या लूपमध्ये १००० चा डिले असेल तर पुढचं सगळं पाण्यात. सेन्सर सेकंदाला एकदाच वाचायचा असला तरी डिले न वापरता मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलीसेकंद सांगणारं फंक्शन) बघून वाचा. आणि सॉफ्टवेअरसिरीयल स्वतः बोलत असताना ऐकू शकत नाही हेही आहेच.

दुसरं, एचसी-१२ हाफ डुप्लेक्स आहे, वॉकीटॉकीसारखं, दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. सोपा उपाय म्हणजे एकच मालक ठेवायचा. कॉम्प्युटर विचारेल, बोर्ड उत्तर देईल, बोर्ड स्वतःहून तोंड उघडणार नाही.

मोटर, पंप, हीटर असं काही चालवत असाल तर एक ओळ सक्तीची: शेवटचा बरोबर निरोप येऊन २ सेकंद झाले की सगळं बंद. लिंक तुटणार आहेच कधीतरी, आणि तेव्हा पंप चालूच राहिला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय यात एन्क्रिप्शन वगैरे काही नाही, त्याच चॅनलवर दुसरं मॉड्यूल लावून कोणीही ऐकू शकतं आणि बोलूही शकतं, तेव्हा दाराचं कुलूप यावर नको.

कॉम्प्युटरचा प्रोग्राम

पायथॉन घ्या आणि पायसिरीयल लायब्ररी. इन्स्टॉल करताना नाव पायसिरीयल, इम्पोर्ट करताना मात्र नुसतं सिरीयल, आणि गंमत म्हणजे नुसत्या सिरीयल नावाचं एक वेगळंच पॅकेजही आहे, ते चुकून टाकलं की विचित्र एरर येतात. पोर्ट ९६०० वर उघडा आणि टाइमआउट ०.५ सेकंद द्या. टाइमआउट दिला नाही तर उत्तर न आल्यास प्रोग्राम कायमचा वाट बघत बसतो. एफयू३ मध्ये एका बाजूने जायलाच ८० मिलीसेकंदापर्यंत लागू शकतात, त्यामुळे अर्ध्या सेकंदाच्या खाली जाण्यात अर्थ नाही. पुढे क्रम असा: इनपुट बफर साफ करा, निरोप पाठवा, एक ओळ वाचा, चेकसम तपासा, नाही जुळला तर परत पाठवा, तीन वेळा फसलं तर 'लिंक नाही' दाखवा. बाइटचं टेक्स्ट करताना चुकीचे बाइट दुर्लक्षित करायला सांगा, नाहीतर हवेतल्या एका कचऱ्याच्या बाइटने अख्खा प्रोग्राम आडवा होतो. आणि सिरीयल मॉनिटर बंद करा आधी, एक पोर्ट एकालाच मिळतो.

एक फरक बऱ्याच जणांना चकवतो. उनो यूएसबीने जोडलेला असताना पोर्ट उघडला की बोर्ड रिसेट होतो, कारण यूएसबी चिपची डीटीआर नावाची इशाऱ्याची लाइन रिसेटला जोडलेली असते. रेडिओवरून ती लाइन जातच नाही. म्हणजे ज्या प्रोग्रामला सवय आहे की पोर्ट उघडल्यावर बोर्ड 'रेडी' पाठवेल, तो इथे वाट बघत राहतो, बोर्डाने ते मघाशी पॉवर लागली तेव्हाच सांगून टाकलेलं असतं. कॉम्प्युटरनेच आधी 'आहेस का' विचारायचं. याच कारणाने नवीन स्केचही रेडिओवरून सहज अपलोड होत नाही, त्याला केबल घेऊन जावंच लागतं.

रेंज कमी पडली तर

पॉवर वाढवण्याआधी वेग कमी करा. ९६०० वर असताना हवेतला वेग १५००० बिट असतो, २४०० वर नेला की ५००० होतो आणि रिसीव्हरची संवेदनशीलता -११२ वरून -११७ डीबीएमवर जाते. फुकटात ५ डीबी मिळाले. टाकीची पातळी सांगायला २४०० सुद्धा भरपूर आहे. त्यानंतर अँटेना वर उचला, लोखंडी पत्र्यापासून लांब न्या. एफयू४ मोडमध्ये डेटाशीट मोकळ्या जागेत १८०० मीटर म्हणतं, पण तिथे बॉड १२०० आणि एका वेळी ६० बाइटच, दोन निरोपांत २ सेकंदांचं अंतर. भिंतींमधून हे आकडे विसराच.

दुसरी जोडी जवळच चालवायची असेल तर दोन जोड्यांत निदान ५ चॅनलचं अंतर ठेवावं लागतं, आणि वर सांगितलेला पट्टा पाळायचा तर तेवढी जागाच उरत नाही, मग एकाच चॅनलवर प्रत्येक बोर्डाला नंबर देऊन निरोपात तो नंबर घालणं हाच मार्ग.

राहिला तो सगळ्यांचा एकदा होणारा घोटाळा: बॉड बदलला, कितीवर ठेवला ते विसरलो, आता मॉड्यूल एटीला उत्तरच देत नाही. घाबरू नका, पॉवर काढा, आधी सेट ग्राउंडला जोडा आणि मग पॉवर द्या. असं चालू केलं की मॉड्यूल आत काहीही सेट असलं तरी कमांड मोडमध्ये ९६०० वरच बोलतं. एटी+आरएक्स करून बघा कुठे होतं, किंवा सरळ एटी+डिफॉल्ट मारा. आणि यावेळी मॉड्यूलवर चिकटपट्टी लावून चॅनल आणि बॉड पेनने लिहून ठेवा.